चर्चचा कारभार नेमका कोण चालवतं? एका पै-पैशाच्या वर्गणीपासून मुंबई सेंट्रलपर्यंत

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

आपल्याकडे 'चर्च' हा शब्द असा वापरतात, जणू ती एकच संस्था आहे, वर पोप बसलाय आणि तिथून सुटलेला हुकूम थेट फलटण-लोणंदपर्यंत येतो. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मजकुरात तर हे सर्रास असतं. मी पत्रकारितेचा डिप्लोमा केला, नंतरची वीसेक वर्षं पंचायत समितीच्या सभा, कारखान्याच्या वार्षिक सभा आणि पतसंस्थांच्या निवडणुका कव्हर करण्यात गेली. त्यामुळे कुठलीही संस्था दिसली की माझे प्रश्न ठरलेले असतात. ठराव कोण करतं? बदली कोण करतं? जमीन कुणाच्या नावावर आहे? हेच तीन प्रश्न मी एका चर्चला विचारले. चर्च मेथडिस्ट. हेच का, ते पुढे कळेल.

आधी आपल्या भागाचं सांगतो. सातारा-वाई पट्ट्यात ख्रिस्ती मंडळ्या उभ्या राहिल्या त्या मुख्यतः अमेरिकन मराठी मिशनमुळे. हे मिशन १८१३ साली मुंबईत आलं आणि १८३१ नंतर अहमदनगर हे त्याचं मोठं ठाणं झालं. मिरज-सांगली-कोल्हापूरकडे अमेरिकन प्रेस्बिटेरियन होते. डॉ. वॉनलेसांनी १८९४ मध्ये मिरजेत उभारलेलं हॉस्पिटल त्यांचंच. मिशनांनी आपापसात मुलूख वाटून घेतले होते, एकाच्या हद्दीत दुसऱ्यानं जायचं नाही. म्हणून आपल्याकडे मेथडिस्ट हे नाव फारसं कानावर येत नाही. मुंबई-पुण्यात मात्र ते दीडशे वर्षांपासून आहे.

आता मुळापासून.

जॉन वेस्ली हा इंग्लंडच्या सरकारी चर्चचा धर्मगुरू, जन्म १७०३. ऑक्सफर्डला असताना तो आणि त्याचे मित्र ठरल्या वेळी प्रार्थना, ठरल्या दिवशी उपास, ठरल्या दिवशी तुरुंगातल्या कैद्यांची भेट असं सगळं शिस्तीत करायचे. बाकीची पोरं चिडवायला त्यांना 'मेथडिस्ट' म्हणू लागली. पद्धतवाले! टोपणनाव चिकटलं ते कायमचंच.

खरी गोष्ट सुरू होते १७४२ मध्ये ब्रिस्टलला. तिथल्या प्रार्थनागृहाच्या इमारतीवर कर्ज होतं. ते फेडायचं कसं, यावर बैठक बसली. फॉय नावाच्या एका कप्तानानं तोड काढली की प्रत्येकानं आठवड्याला एक पेनी द्यावी. कुणीतरी म्हणालं, काही लोक इतके गरीब आहेत की त्यांना तेवढंही जमणार नाही. त्यावर फॉय म्हणाला, सगळ्यांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या, त्यांच्याकडे दर आठवड्याला मी जाईन, ज्यांना जमणार नाही त्यांची मी भरेन. मग सगळ्या सभासदांचे बारा-बारांचे गट पडले. प्रत्येक गटाला एक प्रमुख.

आपल्या भाषेत सांगायचं तर हा बचत गट झाला. प्रमुख घरोघर पेनी गोळा करत फिरू लागला, तेव्हा कोण आजारी आहे, कोण दारूत बुडालाय, कुणाच्या घरात भांडण आहे हे त्याला दिसू लागलं. वेस्लीनं ते हेरलं. वसुलीचा गट हाच सांभाळ करणारा गट झाला. कर्ज फिटल्यावरही गट राहिले. मेथडिस्टांच्या सगळ्या रचनेचा पाया हा आहे आणि तो धर्मशास्त्रातून आलेला नाही, इमारतीच्या कर्जातून आलाय. मला हे फार आवडलं.

पुढे १७४४ मध्ये वेस्लीनं लंडनला दहा जणांना बसवून 'कॉन्फरन्स' भरवली. विषय तीन: काय शिकवायचं, कसं शिकवायचं, काय करायचं. इतिवृत्त प्रश्नोत्तरांच्या रूपात लिहिलं गेलं. ही बैठक मग दरवर्षी होऊ लागली. वेस्ली जिवंत असेपर्यंत शेवटचा शब्द त्याचाच होता हे उघड आहे, पण आपल्यामागं काय, याची सोय त्यानं करून ठेवली. १७८४ मध्ये त्यानं कायदेशीर दस्त करून शंभर उपदेशकांची नावं नोंदवली आणि ही कॉन्फरन्सच माझी वारस असं ठरवलं. वारस म्हणून एखादा माणूस न नेमता बैठक नेमली! आपल्याकडच्या किती संस्थापकांना हे सुचलं असतं, तुम्हीच मोजा.

फलटणकरांना यात नवल वाटायला नको म्हणा. आळंदीच्या पालखीचा आजचा शिस्तबद्ध सोहळा लावून दिला तो आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या आरफळच्या हैबतबाबांनी. दिंड्यांचा क्रम ठरलेला, चोपदार ठरलेले. समाजआरतीला एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर त्यांचे टाळ वाजतच राहतात, चोपदार जाऊन ऐकून घेतो, मग शांत होतात. भक्ती मोठी असतेच, पण ती टिकते दिंडीच्या क्रमावर.

वेस्लीनं दस्त केला त्याच वर्षी, म्हणजे १७८४ च्या नाताळात, अमेरिकेत बाल्टिमोरला तिथल्या उपदेशकांनी स्वतंत्र मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च स्थापन केलं. वेस्लीनं फ्रान्सिस ॲस्बरीला प्रमुख नेमलं होतं. ॲस्बरी म्हणाला, नेमणूक नको, इथल्या उपदेशकांनी मतदान करून निवडलं तरच होतो. निवडून आला, आणि मग मात्र अशी पकड ठेवली की विचारू नका. कुठला उपदेशक कुठल्या गावी जाणार, हे बिशप ठरवणार. १७९२ च्या पहिल्या जनरल कॉन्फरन्समध्ये जेम्स ओकेली यानं मागणी केली की ज्याला बदली अन्यायाची वाटते त्याला कॉन्फरन्सपुढे दाद मागता यावी. मतदानात हरला. समर्थकांना घेऊन बाहेर पडला.

बदलीचा हा नियम आजही मूळ रूपात आहे. मेथडिस्ट पाळक हा गावातल्या मंडळीचा सभासद नसतो, तो कॉन्फरन्सचा सभासद असतो. दरवर्षी कॉन्फरन्स भरते, शेवटी बिशप नेमणुकांची यादी वाचतो, त्यात तुमचं नाव कुठल्या गावापुढं आलं ते ऐकायचं आणि सामान बांधायचं. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

जमिनीचंही वेस्लीनंच ठरवून ठेवलं होतं. प्रार्थनागृह बांधताना दस्त कसा करायचा याचा नमुनाच त्यानं तयार केला. विश्वस्त स्थानिक असतील, पण तिथल्या व्यासपीठावर कोण उभं राहणार हे कॉन्फरन्सच्या नियमानं ठरेल. अमेरिकेत हेच आणखी पक्कं झालं: मंडळीची इमारत मंडळीनं बांधली तरी ती सगळ्या संप्रदायासाठी विश्वस्त म्हणून धरलेली असते. मंडळी संप्रदाय सोडून निघाली तर इमारत घेऊन जाता येत नाही. या एका कलमावर पुढे केवढं रामायण झालं ते शेवटाकडे सांगतो.

वरची सगळी रचना आज कशी दिसते? अमेरिकेतलं या घराण्याचं मुख्य चर्च आता युनायटेड मेथडिस्ट या नावानं आहे, १९६८ पासून. त्याला एक अध्यक्ष नाही. सर्वांच्या वतीनं बोलायचा अधिकार फक्त जनरल कॉन्फरन्सला, जी चार वर्षांतून एकदा भरते आणि ज्यात निम्मे पाळक, निम्मे सामान्य सभासद असतात. बिशप अंमलबजावणी करतात, सभेत अध्यक्षस्थानी बसतात, पण मत देऊ शकत नाहीत. नियम कुणी मोडला की नाही हे नऊ जणांचं न्यायमंडळ बघतं. कायदेमंडळ, कार्यकारी, न्यायालय. अमेरिकन राज्यघटना आणि हे चर्च एकाच काळात वाढले, त्याची छाप दिसते. त्याखाली वार्षिक कॉन्फरन्स, मग डिस्ट्रिक्ट, मग गावची मंडळी. जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत असं डोळ्यांसमोर आणा, फार चुकणार नाही.

याच्या बाजूला बोर्डं असतात. मिशनकामाचं, शिक्षणाचं, पाळकांच्या पेन्शनचं, अर्थखात्याचं. प्रत्येक मंडळीला वरच्या खर्चाचा वाटा ठरवून दिलेला असतो, आणि बोर्डांनी चार वर्षांनी जनरल कॉन्फरन्सपुढे हिशेब मांडायचा. मी कारखान्यांच्या इतक्या वार्षिक सभा पाहिल्यात, जिथे अहवाल वाचायच्या आधीच 'मंजूर, मंजूर' होतं, की कागदावरच्या हिशेबावर माझा पटकन विश्वास बसत नाही. पण निदान प्रश्न विचारायची जागा ठेवलेली आहे.

या बोर्डांमधली सगळ्यांत जोरदार कहाणी बायकांची आहे. मिशन सोसायटी १८१९ ची, पुरुषांच्या हातातली. हिंदुस्थानात पडद्याआडच्या बायकांपर्यंत पुरुष मिशनरी पोचत नव्हते. १८६९ मध्ये बोस्टनला एका पावसाळी दिवशी जेमतेम आठ बायका जमल्या आणि त्यांनी स्वतःची वेगळी परदेशी मिशन सोसायटी काढली. वर्गणी: आठवड्याला दोन सेंट. फॉयची पेनीच परत आली! वर्षभरात त्यांनी दोघींना इकडे पाठवलं. इझाबेला थोबर्ननं १८७० मध्ये लखनौच्या अमीनाबाद बाजारात सहा मुलींना घेऊन शाळा सुरू केली, तिचंच पुढे कॉलेज झालं. डॉ. क्लारा स्वेननं बरेलीत बायकांसाठी दवाखाना काढला, १८७४ मध्ये त्याचं हॉस्पिटल उभं राहिलं.

आणि ज्या बायका हे सगळं चालवत होत्या त्यांना जनरल कॉन्फरन्समध्ये बसता येत नव्हतं. १८८८ मध्ये पाच बायका रीतसर निवडून आल्या, त्यात त्या काळची नामवंत फ्रान्सिस विलार्डही होती. सभेनं त्यांना जागा नाकारली. जागा मिळाली १९०४ साली. पैसे गोळा करा, माणसं पाठवा, हॉस्पिटल बांधा, पण ठरावाच्या वेळी बाहेर थांबा. आपल्याकडे सरपंचबाईंच्या खुर्चीत नवरा बसतो ते बघितलेल्यांना हे ओळखीचं वाटेल.

आता हिंदुस्थान. विल्यम बटलर १८५६ मध्ये आला, बरेलीत स्थिरावतोय तोवर सत्तावनचा उठाव झाला, जीव वाचवून नैनितालला पळाला. उत्तरेत काम वाढलं ते त्यानंतर. मुंबईत मेथडिस्ट आले ते विल्यम टेलरमुळे, १८७१ च्या अखेरीस. हा टेलर भारी माणूस. त्याचं म्हणणं असं की अमेरिकेच्या बोर्डाचा पैसा नको, इथल्या मंडळ्यांनी आपला खर्च आपण चालवायचा. पैसा बोर्डाचा नाही तर हुकूमही बोर्डाचा नाही, हा त्यातला मतलब बोर्डाला लगेच कळला आणि कुरबुर सुरू झाली. त्याच्या सभांना येणारे बहुतेक इंग्रजी बोलणारे, अँग्लो-इंडियन, रेल्वे आणि सरकारी खात्यांतले. पुण्यातल्या सभांतून या पंथात आलेला विल्यम ओल्डम हा मोजणी खात्यातला तरुण. त्यानं पुढे १८८५ मध्ये सिंगापुरात मेथडिस्ट काम सुरू केलं आणि नंतर बिशप झाला.

टेलरला मुंबईत मोठी साथ मिळाली जॉर्ज बोवेनची. हा मूळचा अमेरिकन मराठी मिशनचा, १८४८ मध्ये मुंबईत आला. मिशनरीनं पगार घेऊन बंगल्यात राहिलं तर लोक का ऐकतील, असं वाटून त्यानं पगार सोडला आणि बाजारवस्तीत राहिला. 'बॉम्बे गार्डियन' हे पत्र चालवलं. चाळीस वर्षांत एकदाही मायदेशी गेला नाही, १८८८ मध्ये इथंच गेला. बिनपगारी संपादक! आमच्या धंद्यात तशी परंपरा जुनी आहे, फक्त आमचा पगार आम्ही सोडलेला नसतो.

१८७६ मध्ये दक्षिण भारत कॉन्फरन्स झाली, १८९२ मध्ये मुंबई कॉन्फरन्स वेगळी निघाली. पण नियमांचं पुस्तक अमेरिकेत ठरायचं, बिशप अमेरिकेत निवडला जायचा. इथल्या अडचणी वेगळ्या, भाषा वेगळ्या, आणि प्रत्येक गोष्टीसाठी बोटीनं प्रतिनिधी धाडायचे. इथून रेटा लागला तेव्हा १८८४ मध्ये अमेरिकेच्या जनरल कॉन्फरन्सनं परवानगी दिली आणि १८८५ मध्ये बरेलीत 'सेंट्रल कॉन्फरन्स' भरली. देशातल्या सगळ्या कॉन्फरन्सांची मिळून एक सभा. अधिकार सुरुवातीला मामुली होते. पण जगभरात पुढे ज्या सेंट्रल कॉन्फरन्सा झाल्या, फिलिपीन्स काय, आफ्रिका काय, युरोप काय, त्यांची सुरुवात इथून आहे. मी हे चर्च निवडलं ते यासाठी. एका जागतिक संस्थेचा कारभार विकेंद्रित करायचा पहिला प्रयोग आपल्या देशात झाला, आणि आपल्याला पत्ता नाही.

बिशप निवडायचा हक्क मिळायला आणखी चव्वेचाळीस वर्षं गेली. १८८८ मध्ये जेम्स थोबर्न (इझाबेलाचा भाऊ) हिंदुस्थानसाठी 'मिशनरी बिशप' झाला, पण निवड अमेरिकेत आणि अधिकार आपल्या क्षेत्रापुरता. १९२८ मध्ये नियम बदलला आणि सेंट्रल कॉन्फरन्सांना आपला बिशप आपण निवडायची मुभा मिळाली. १९३०-३१ च्या हिवाळ्यात कानपूरला मतदान झालं आणि पहिला हिंदी बिशप निवडून आला. नाव जसवंतराव चितंबर. जन्म अलाहाबादचा, काम लखनौचं, तिथल्या ख्रिश्चन कॉलेजचे ते प्राचार्य होते. पण नावावरूनच घराण्याची मुळं कुठली ते ओळखा.

स्वातंत्र्यानंतर प्रश्न आला एकत्र यायचा. इंग्रजांच्या काळातले वेगवेगळे पंथ मिळून एकच चर्च करायची बोलणी अनेक वर्षं चालली होती. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्चेस मिळून 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' झालं. त्यात अँग्लिकन होते, आणि अमेरिकन मराठी मिशन व प्रेस्बिटेरियन परंपरा ज्यात आधीच एकत्र आली होती ते युनायटेड चर्चही होतं. मेथडिस्टही होते, पण इंग्लंड-ऑस्ट्रेलियाच्या शाखेचे. अमेरिकन घराण्यातले मेथडिस्ट, म्हणजे संख्येनं मोठे, वाटाघाटींत बसलेले असूनही ऐनवेळी बाजूला झाले.

का? कारणं बरीच सांगितली जातात. मला यात रचनेचा भाग मोठा दिसतो. ज्यांच्याकडे १८८५ पासूनची देशव्यापी सभा आहे, स्वतः निवडलेला बिशप आहे, उत्तर-दक्षिण एकच संघटना आहे आणि जगभरच्या चर्चशी नातं आहे, त्यांना ते मोडून फक्त उत्तर भारतापुरत्या नव्या घरात जायचं होतं. सोडायला त्यांच्याकडे इतरांपेक्षा जास्त होतं.

मग त्यांनी तिसरी वाट काढली. ७ जानेवारी १९८१ ला मद्रासमध्ये 'मेथडिस्ट चर्च इन इंडिया' या नावानं ते स्वायत्त झाले. अमेरिकेशी नातं राहिलं, पण संलग्नतेचं. नियमांचं पुस्तक आपलं, चार वर्षांनी भरणारी जनरल कॉन्फरन्स आपली, बिशप तिनंच निवडायचे. खाली प्रादेशिक कॉन्फरन्सा, मग डिस्ट्रिक्ट, मग मंडळी. बिशपांची क्षेत्रं मुंबई, दिल्ली, लखनौ, बरेली, हैदराबाद, बंगळूर. जागतिक चर्च परिषदेच्या नोंदीत सभासद सहा लाखांच्या पुढे. कार्यालय मुंबई सेंट्रलला वायएमसीए रोडवर. 'हुकूम परदेशातून येतो' म्हणणाऱ्यांनी पत्ता लिहून घ्यावा.

गंमत पुढे आहे. अमेरिकेतलं मूळ चर्च २०१९ नंतर समलैंगिकतेच्या प्रश्नावर फुटलं. चार-पाच वर्षांत अमेरिकेतल्या सुमारे एक चतुर्थांश मंडळ्या बाहेर पडल्या, साडेसात हजारांवर. आणि तिथं आडवं आलं ते इमारतीचं कलम. आपलीच वास्तू सोबत न्यायची तर दोन वर्षांचा वाटा आणि पाळकांच्या पेन्शनमधला हिस्सा भरून जा, अशी अट पडली. ज्यांनी चार पिढ्या वर्गण्या काढून घंटाघर बांधलं त्यांना ते विकत घेतल्यासारखंच झालं. नंतर २०२४ मध्ये शार्लट शहरातल्या जनरल कॉन्फरन्सनं प्रस्ताव मंजूर केला की प्रत्येक प्रदेशानं आपापले नियम ठरवावेत, आणि अमेरिका हाही त्यातला एक प्रदेश असेल, मालक नव्हे. बरेलीत १८८५ ला जे मागितलं होतं त्याचीच ही मोठी आवृत्ती.

राहिला माझा तिसरा प्रश्न, जमिनीचा. इथं मला चिंता वाटते. ठरावाचा हक्क अमेरिकेतून मुंबईपर्यंत यायला शंभर वर्षं लागली, पण मुंबईहून गावच्या मंडळीपर्यंत तो किती पोचलाय? मालमत्ता विश्वस्त संस्थेकडे ठेवण्याची पद्धत वेस्लीनं घातली ती वाद टाळायला. पण तेव्हाच्या प्रार्थनागृहाच्या जागेला आजच्या शहरातल्या भूखंडाचा भाव नव्हता. मिशनच्या काळात गावाबाहेर घेतलेली जागा आज बसस्टँडसमोर आली आहे, मग पंथ कुठलाही असो. अशा जागांवर कुणाकुणाचा डोळा असतो ते आपण तालुक्याच्या ठिकाणी राहणारे जाणतो, आणि ते फक्त चर्चच्या जागांबाबत खरं आहे असंही नाही, देवस्थान इनामांचं काय झालं ते शेतकऱ्यांना विचारा.

महाराष्ट्रात एक सोय आहे. सार्वजनिक न्यासाची स्थावर मालमत्ता विकायची, तर १९५० च्या न्यास कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. बिशप असो, विश्वस्त असो, मठाधिपती असो. विश्वस्त बदलले की बदल अर्ज द्यावा लागतो. न्यासाची नोंद, विश्वस्तांची नावं, मालमत्तेचं वर्णन हे सगळं परिशिष्टात असतं आणि त्याची नक्कल अर्ज करून मिळते. आपल्या जिल्ह्याचं कार्यालय साताऱ्यात आहे. मंडळीतल्या एखाद्या तरुणानं एकदा जाऊन आपल्या प्रार्थनागृहाचं परिशिष्ट काढून आणावं, आणि रविवारी उपासनेनंतर सगळ्यांसमोर वाचावं. अर्ज कसा लिहायचा ते हवं असेल तर मेसेज करा, नमुना पाठवतो.